शर्यतीला निघालेली जुनी मोटारसायकल



सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मध्यें विश्रामबाग नांवाची वस्ती आहे. नांव ऐकतांच परक्या माणसाच्या मनांत दाट सावली आणि दुपारची वामकुक्षी उभी राहावी. पण वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. १९१९ सालीं निघालेलें विलिंग्डन कॉलेज येथेंच आहे, आणि १९४७ सालीं धोंडूमामा साठे यांनीं काढलेलें न्यू एंजिनिअरिंग कॉलेज, ज्याला १९५५ पासून वालचंद हें नांव मिळालें, तेंही याच परिसरांत आहे. याच जिल्ह्यांत १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं आपली वाडी वसविली. आणि त्या उद्योगाचा उगम बेळगांवांतील सायकलींच्या दुकानांत झाला होता, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. सारांश, दोन चाकें आणि एक पाना यांच्याशीं आमच्या मुलखाचें नातें जुनें आहे. त्यामुळें येथील एखाद्या घराच्या पडवींत धूळ खात पडलेली जुनी जावा मोटारसायकल घरांतील तरुणानें पुसून काढली, आणि "हिला एकदां शर्यतीच्या मैदानावर न्यावयाची आहे" असें तो बोलूं लागला, तर त्याचें शेजाऱ्यापाजाऱ्यांना फारसें नवल वाटत नाहीं.

घरच्या मंडळींना मात्र धास्ती वाटते. आई म्हणते, "हातपाय मोडून घेशील." आजोबा म्हणतात, "गाडीचा सत्यानाश करशील." या दोन वाक्यांत माझा आजचा सगळा विषय आला आहे. शर्यतींत दोन गोष्टी पणाला लागतात. एक स्वाराचा जीव, आणि दुसरी जी पुन्हां निर्माण होणार नाहीं अशी जुनी वस्तु. तरुणाच्या मनांतील पहिला प्रश्न बहुधा तिसराच असतो: हिचा वेग कसा वाढवावा? मोटारसायकलींच्या शर्यतींचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा प्रश्न सर्वांत शेवटीं विचारावयाचा असतो असें दिसून येतें. आधीं आईच्या आणि आजोबांच्या वाक्यांना उत्तर द्यावें लागतें. तें कसें द्यावयाचें, हें त्या इतिहासाच्याच आधारानें आज पाहूं.

आरंभीं शर्यतीची गाडी आणि रोजची गाडी असा भेद फारसा नव्हता. इंग्लंडांत १९०३ च्या कायद्यानें रस्त्यावरील वेगाला ताशीं २० मैलांची मर्यादा घातली होती, आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत भरविण्यास तेथें मुभा नव्हती. म्हणून शौकिनांनीं आयरिश समुद्रांतील मॅन बेटाचा आश्रय घेतला. २८ मे १९०७ रोजीं तेथें मोटारसायकलींची पहिली 'टूरिस्ट ट्रॉफी' शर्यत झाली. २५ स्वार सुटले. अंतर १५८ मैलांचें होतें. 'टूरिस्ट' हा शब्द केवळ शोभेचा नव्हता. प्रवासी गाडीला असावी तशी बैठक, मडगार्ड आणि सायलेन्सर असलेच पाहिजेत, असा नियम होता. पेट्रोलही मोजून मिळे. एका सिलिंडरच्या गाडीनें गॅलनला ९० मैल आणि दोन सिलिंडरच्या गाडीनें ७५ मैल गेलें पाहिजे, असा तो हिशेब होता. एका सिलिंडरच्या वर्गांत चार्ली कॉलियर हा मॅचलेस गाडीवर ताशीं सुमारे ३८ मैलांच्या सरासरीनें पहिला आला. दोन सिलिंडरच्या वर्गांत रेम फाउलर हा नॉर्टनवर ताशीं सुमारे ३६ मैलांनीं पहिला आला. फाउलरला वाटेंत कित्येकदां प्लग बदलावे लागले, पट्टा सांवरावा लागला, टायरही फुटला. तरी तो जिंकला, कारण त्याची गाडी शेवटपर्यंत पोहोंचली. शर्यत ही प्रथम पोहोंचण्याची परीक्षा आहे आणि मग वेगाची, हा धडा पहिल्याच दिवशीं मिळाला होता.

आपल्या देशांत शर्यतींना जागा मिळाली ती विमानांच्या धांवपट्ट्यांवर. दुसऱ्या महायुद्धासाठीं बांधलेल्या कित्येक पट्ट्या शांततेच्या काळांत रिकाम्या पडल्या. इंग्लंडांत सिल्व्हरस्टोनच्या अशाच तळावर १९४८ सालीं मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या. मद्रास येथें, म्हणजे आजच्या चेन्नईंत, १९५३ सालीं मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला, आणि जवळच्या शोलावरम् येथील जुन्या धांवपट्टीवर भरणाऱ्या शर्यतींचें नांव पुढें सर्व देशांत झालें. मुंबईस जुहूच्या विमानतळावरही शर्यती होत. १९९० सालीं चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें शर्यतीसाठींच बांधलेली कायमची पट्टी आली, आणि शोलावरमचें युग संपलें. त्या युगाची एक गोष्ट आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळें आपल्याकडील बहुतेक स्वार देशांत मिळणाऱ्या गाड्याच घेऊन उतरत. जावा, येझ्दी, एन्फील्ड, राजदूत याच त्या गाड्या. काल ज्या गाडीवर माणूस कचेरींत गेला, तीच दिवे काढून तो आज शर्यतीला नेई. म्हणजे मॅन बेटावरील १९०७ सालची परंपरा आपल्याकडे गरजेपोटीं पुढें चालू राहिली.

आतां आपल्या जावाकडे वळूं. प्राग येथील फ्रांतिशेक यानेचेक हा शस्त्रास्त्रांचा कारखानदार होता. त्यानें १९२९ सालीं जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटारसायकलीचा आराखडा घेतला, आणि आपल्या व वांडररच्या नांवांतील पहिलीं दोन दोन रोमन अक्षरें जोडून 'जावा' हें नांव केलें. आपल्याकडे रुस्तुम व फारूख इराणी यांच्या प्रयत्नानें १९६० सालीं म्हैसूर येथें आयडियल जावा ही कंपनी निघाली आणि १९६१ पासून तेथें गाड्या तयार होऊं लागल्या. १९७३ पासून त्यांना येझ्दी हें नांव मिळालें. १९९६ सालीं कारखाना बंद पडला. २०१८ मध्यें जावा हें नांव दुसऱ्या कंपनीनें पुन्हां आणलें, पण ती गाडी निराळी आहे. जुन्या जावाचें एंजिन टू-स्ट्रोक जातीचें, एका सिलिंडरचें, सुमारे २४९ घन सेंटिमीटरचें. त्याची शक्ति सुमारे १२ अश्वशक्ति. किक मारण्याचा दांडा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच, ही तिची खूण आजही वयस्क माणसें हौसेनें सांगतात.

ही गाडी पट्टीवर न्यावयाची, तर पहिलें काम वही आणि पेन्सिल यांचें आहे. एकही नट सैल करण्यापूर्वीं गाडीचीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं. कोणती तार कोठून जाते, कोणती वॉशर कोणत्या बोल्टखालीं आहे, याची नोंद करावी. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी बांधून पेटींत ठेवावा. ही आजोबांच्या वाक्याला दिलेल्या उत्तराची सुरुवात आहे. शर्यतीसाठीं केलेला प्रत्येक फेरफार पुन्हां मागें घेतां येईल असाच असावा. कारखाना १९९६ सालींच बंद झालेला असल्यामुळें मूळ भाग आतां नव्यानें निघत नाहींत. कोल्हापूर-सांगलीकडील लेथवर एखादी बुश किंवा स्पिंडल उत्तम करून मिळते, पण मूळ टाकी एकदां कापली कीं ती कापलीच.

नंतर सांगाड्याची तपासणी. साठ वर्षांच्या लोखंडाला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असूं शकतात, आणि त्या जेथें नळ्या एकमेकींना जोडल्या आहेत तेथें बहुधा असतात. त्यासाठीं जुन्या कारखान्यांतील एक सोपी युक्ति आहे. सांधा स्वच्छ करून त्यावर रॉकेल लावावें, थोड्या वेळानें तें कोरडें पुसून काढावें, आणि वर खडूची भुकटी फांसावी. चीर असेल तर तिच्यांत शिरलेलें रॉकेल हळूहळू वर येतें आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. हँडलचा कोनसेट तपासावा; त्यांतील छर्रे झिजून खळगे पडले असतील, तर हँडल सरळ रेषेंत अडकतें आणि वळणावर गाडी डुलूं लागते. चाकाचा 'आउट' काढावा, आणि प्रत्येक स्पोकवर पान्यानें हलकेच टिचकी मारून आवाज ऐकावा. नीट ताणलेला स्पोक स्वच्छ वाजतो, सैल स्पोक बद्द वाजतो. मिरजेस तंतुवाद्यें करणाऱ्यांचे पूर्वज हत्यारांना धार लावणारे शिकलगार होते, हें प्रसिद्धच आहे. कानानें धातूची परीक्षा करण्याची विद्या या भागाला परकी नाहीं. टायरवर नक्षी शिल्लक आहे एवढ्यावर समाधान मानूं नये. रबर वयानें कडक होतें. आजच्या टायरच्या बाजूवर चार आंकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचावे, आणि टायर जुना असल्यास लोभ न धरतां बदलावा.

यानंतर ब्रेक. गाडी चालूं लागण्यापूर्वीं ती थांबली पाहिजे, हें विधान विनोदाचें वाटेल. पण शाळेंत शिकविला जाणारा गतिज ऊर्जेचा नियम तेंच सांगतो. वेग दुप्पट झाला कीं थोपवावयाची ऊर्जा चौपट होते. ताशीं ५० किलोमीटरवर जो ब्रेक पुरेसा वाटतो, त्यालाच ताशीं १०० किलोमीटरवर चौपट काम करावें लागतें. आणि त्या वेगानें गाडी एका सेकंदांत सुमारे २८ मीटर पुढें जाते. जावाचे ब्रेक ड्रम जातीचे आहेत. उष्णता ड्रमांत कोंडते, आणि कांहीं फेऱ्यांनंतर दांडा दाबूनही पकड येईनाशी होते. म्हणून लायनर नवे बसवावे, ते ड्रमला सर्वत्र सारखे टेकतात कीं नाहीं हें पाहून घासावे, केबल नवी घालावी. येथें एक इशारा देणें अगत्याचें आहे. जुन्या लायनरांत अस्बेस्टॉस असूं शकतें. ड्रममधील ती भुकटी हवेनें फुंकूं नये. ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. ती फुप्फुसांत गेल्यास घातक ठरते.

ब्रेकचें महत्त्व सांगतांना १९१४ सालची एक घटना आठवते. त्या वर्षीं मॅन बेटावरील ज्युनिअर शर्यतींत रॉयल एन्फील्ड गाडीवर बसलेला वॉकर नांवाचा स्वार वाटेंत पडूनही तिसरा आला. परंतु अंतिम रेषा ओलांडल्यावर पुढील अडथळ्यावर तो आदळला आणि त्यांतच त्याचा अंत झाला. शर्यत संपली होती, क्रमांक मिळाला होता. थांबणें मात्र राहून गेलें.

त्याच वर्षींच्या शर्यतीशीं शिरस्त्राणाची कथाही जोडलेली आहे. १९०७ सालीं इंग्लंडांत ब्रुकलंड्स येथें कांक्रीटची शर्यतपट्टी सुरू झाली होती. तेथें वैद्यकीय काम पाहणाऱ्या डॉ. एरिक गार्डनर यांच्या लक्षांत आलें कीं, पडणाऱ्या स्वारांना डोक्याच्या दुखापती वारंवार होतात. त्यांनीं जाड कापडाला लाखेचे थर देऊन एक कडक टोपी करवून घेतली. प्रथम तिची टिंगल झाली. पण १९१४ च्या मॅन बेटावरील शर्यतीसाठीं ती सक्तीची करण्यांत आली. ही लाख त्या काळीं जगाला मुख्यत्वें आपलाच देश पुरवीत असे. पळस, बोर आणि कुसुंब यांच्या फांद्यांवर किड्यांनीं केलेली लाख साता समुद्रापलीकडील स्वाराच्या डोक्याचें रक्षण करूं लागली, हा योगायोग मला मोठा मनोरम वाटतो.

शर्यतीबाहेरच्या जगाला हें शहाणपण पटण्यास आणखी बराच काळ लागला. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ सालीं ब्रॉ सुपीरिअर मोटारसायकलीवरून पडले आणि डोक्याच्या दुखापतीनें वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकीं ह्यू केर्न्स या मेंदूच्या शस्त्रवैद्यांनीं पुढें या दुखापतींचा अभ्यास हातीं घेतला. १९४१ सालीं त्यांनीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यांतील मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचें झालें. म्हणून जो तरुण गाडीच्या रंगावर हजारों रुपये खर्च करतो आणि शिरस्त्राण मित्राचें उसनें आणतो, त्यानें आपला जमाखर्च पुन्हां एकदां मांडावा. चामड्याचा पोशाख, हातमोजे आणि घोट्यावर येणारे बूट हे शर्यतीच्या तयारींतले अलंकार नाहींत. ते आईच्या वाक्याला दिलेलें उत्तर आहे.

आतां तेल. शर्यतीच्या जुन्या वर्णनांत एका विशिष्ट वासाचा उल्लेख हटकून येतो. तो वास जळालेल्या एरंडेलाचा. होय, आपल्या आजीच्या बाटलींतलेंच एरंडेल. फार उष्णतेंतही त्याचा थर धातूला चिकटून राहतो, म्हणून पहिल्या महायुद्धांतील विमानांच्या फिरत्या एंजिनांत तें वापरीत, आणि शर्यतीच्या मोटारसायकलींतही. चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीनें १९०९ सालीं आपल्या तेलाला 'कॅस्ट्रॉल' हें नांव दिलें, तें एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नांवावरूनच. मात्र एरंडेल आणि खनिज तेल एकमेकांत नीट मिसळत नाहींत. एकाच्या जागीं दुसरें घालावयाचें, तर टाकी, नळ्या व एंजिन आधीं पूर्ण स्वच्छ करावें लागतें. शिवाय एरंडेल मागें चिकट राळ ठेवतें. म्हणून पहिल्याच शर्यतीला, केवळ वासाच्या मोहानें, त्याच्या वाटेस जाऊं नये. चांगलें आधुनिक टू-स्ट्रोक तेल घ्यावें आणि प्रमाण मापानें मोजावें, डोळ्यानें नव्हे.

प्रमाणाचें एवढें महत्त्व कां, हें टू-स्ट्रोकच्या रचनेंतून कळतें. या एंजिनांत पिस्टनला मिळणारें तेल पेट्रोलबरोबरच येतें. जावाचा पिस्टन एका फेऱ्यांत ७५ मिलिमीटर खालीं आणि तेवढाच वर जातो. मिनिटाला ५,००० फेरे होत असतां त्याची सरासरी गति सेकंदाला साडेबारा मीटर होते, आणि प्रत्येक सेकंदांत तो १६० हून अधिक वेळां थांबून उलट फिरतो. अशा वेळीं स्वारानें वळण आलें म्हणून मूठ एकदम बंद केली, तर पेट्रोलबरोबर तेलही बंद होतें, आणि तापलेला पिस्टन सिलिंडरला धरतो. आपले मिस्त्री त्याला 'पिस्टन जाम झाला' म्हणतात. त्याबरोबर मागचें चाकही अडकतें. म्हणून टू-स्ट्रोकच्या जुन्या स्वारांचीं दोन बोटें सदैव क्लचच्या दांड्यावर असत. एंजिनाचा सूर बदललेला ऐकूं येतांच क्लच दाबावा, हें त्यांना सांगावें लागत नसे.

पेट्रोलच्या बाबतींत आजच्या माणसापुढें एक नवी अडचण आहे, जी शोलावरमच्या स्वारांपुढें नव्हती. आतां पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि त्यांतील बराच भाग आमच्या सांगलीसारख्या उसाच्या जिल्ह्यांतून येतो. देशाच्या दृष्टीनें त्याचे फायदे असतील. पण १९६१ च्या कार्ब्युरेटरला तें ठाऊक नाहीं. इथेनॉल पाणी ओढून घेतें, जुनें रबर खराब करतें, आणि त्याला जळण्यास हवा कमी लागत असल्यामुळें जुन्या जेटमधून येणारें मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त व इंधन कमी, असें होतें. पातळ मिश्रणानें एंजिन तापतें. म्हणून रबरी नळ्या व वॉशर बदलून मुख्य जेट एक पायरी मोठा घालून पाहावा, आणि निर्णय प्लगला विचारावा. भर वेगांत एंजिन बंद करून क्लच दाबावा, थांबावें, प्लग काढावा. चिनी मातीचा भाग बदामी असेल तर ठीक. पांढरा असेल तर मिश्रण पातळ. काळा असेल तर जाड. प्लग ही एंजिनाची जीभ आहे, आणि वैद्याप्रमाणें ती पाहण्यास शिकलें पाहिजे.

एवढें झाल्यावरच वेगाचा प्रश्न येतो, आणि येथें मोह फार मोठा आहे. कोणी सांगतो सिलिंडरचीं भोंकें घासून मोठीं करा, कोणी सांगतो सायलेन्सर काढून टाका. या मोहाचा खरा इतिहास पूर्व जर्मनींत घडला. तेथील एम. झेड. कारखान्यांत वाल्टर काडेन नांवाचे एंजिनिअर होते. त्यांनीं टू-स्ट्रोकच्या धुराच्या नळीचें शास्त्र परिपूर्ण केलें. विहिरींत हांक मारली कीं जसा प्रतिध्वनि येतो, तशी धुराच्या दाबाची लाट नळींतून परत येते. नळी आधीं रुंद आणि मग अरुंद केली, तर पहिली परतलाट सिलिंडरांतील धूर ओढून काढते आणि दुसरी लाट बाहेर निसटूं पाहणारें ताजें मिश्रण पुन्हां आंत ढकलते. १९६१ सालीं काडेन यांच्या १२५ घन सेंटिमीटरच्या एंजिनानें सुमारे २५ अश्वशक्ति दिली. जावाच्या निम्म्या आकारांतून दुपटीहून अधिक शक्ति! त्याच वर्षीं स्वीडनमधील शर्यतीच्या वेळीं त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि ती विद्या जपानच्या सुझुकी कंपनीकडे घेऊन गेला. १९६२ सालीं त्यानें सुझुकीवर ५० घन सेंटिमीटर वर्गाचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें.

परंतु ध्यानांत घ्या, परतलाट एका ठराविक वेगालाच वेळेवर येते. त्याखालीं ती एंजिनाला अडथळाच करते. काडेन यांनीं नळी, सिलिंडर, मिश्रणाची वाट आणि ठिणगीची वेळ हें सर्व एकमेकांशीं जुळवून वर्षानुवर्षें प्रयोग केले होते. नुसता सायलेन्सर काढून आवाज वाढतो. शक्ति बहुधा घटते. आणखी एक गंमत पाहा. १९६१ सालींच चेकोस्लोव्हाकियाचा फ्रांतिशेक श्त्यास्तनी हा जावावर बसून ३५० घन सेंटिमीटर वर्गाच्या जागतिक स्पर्धेंत दुसरा आला. पण ती जावा दोन सिलिंडरची, फोर-स्ट्रोक, केवळ शर्यतीसाठीं बनविलेली होती; त्याच वर्षीं म्हैसूरहून बाहेर पडूं लागलेल्या घरगुती जावाशीं तिचें नातें आडनांवापुरतेंच होतें. तेव्हां आपल्या गाडीच्या १२ अश्वशक्तींवर समाधान मानावें. नवे बेअरिंग, योग्य पिस्टन, घट्ट बसणारे रिंग, अचूक टायमिंग आणि नीट ताणलेली चेन एवढ्यानेंच हरवलेली शक्ति परत मिळते. पहिल्या शर्यतीला ती पुरेशी आहे.

शेवटीं येतो तो तपासनिसाचा टेबल. शर्यतीपूर्वीं प्रत्येक गाडी तपासली जाते, आणि नवख्या स्वाराला हा सर्व त्रास वाटतो. दिवे आणि आरसे काढा, कारण फुटलेली कांच मागून येणाऱ्याच्या टायरांत जाते. स्टँड काढा, कारण वळणावर तो जमिनीला लागून गाडी उचलतो. तेल सोडण्याच्या बोल्टाला बारीक भोंक पाडून तो तारेनें बांधा, कारण हादऱ्यानें तो निघाला, तर सांडलेल्या तेलावर दहा माणसें पडतील. मूठ सोडतांच ती आपोआप बंद झाली पाहिजे. हातदांड्यांच्या टोंकांना गोळे असले पाहिजेत, म्हणजे ते अंगांत घुसणार नाहींत. या यादीतील बहुतेक कलमें स्वतःपेक्षां इतरांच्या रक्षणासाठीं आहेत. ती यादी कोणा लेखनिकानें खुर्चीवर बसून रचलेली नाहीं. कोणी तरी पडल्यावर, कोणी तरी दगावल्यावर एक एक ओळ तींत वाढत गेली. इतिहासाचें पुस्तक वाचावें तशी ती वाचावी.

आजोबांच्या वाक्याचा उरलेला भाग कायद्याच्या पोटांत आहे. इंग्लंडांत १९४६ सालीं टिच ॲलन यांच्या पुढाकारानें जुन्या मोटारसायकलींचा संघ निघाला. १९३१ पूर्वींच्या गाड्या भंगारांत जाऊं नयेत आणि त्या चालवूनच जतन कराव्या, हा त्याचा हेतु होता. आपल्याकडे केंद्र सरकारनें २०२१ सालीं मोटार वाहन नियमांत ५० वर्षांहून जुन्या खासगी वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी दिली. परंतु अट अशी कीं गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी, सांगाडा व एंजिन यांत मोठा फेरफार नसावा. म्हणजे हौसेनें कापलेला सांगाडा ही केवळ सौंदर्याची हानि नव्हे. गाडीचा तो मानच जाऊं शकतो. आणि दिवे-आरसे काढलेली गाडी रस्त्यावरून नेतां येत नाहीं. ती टेंपोंतूनच न्यावी.

मग पहिल्या शर्यतीचा उद्देश काय असावा? माझ्या मतें एकच: सुटलेल्या फेऱ्या पुऱ्या करणें, आणि स्वार व गाडी दोघांनीं आपापल्या पायांनीं घरीं येणें. पहिल्या दोन-तीन फेऱ्या सावकाश घ्याव्या, टायर व एंजिन तापूं द्यावें, झेंडे ओळखावे, मागून वेगानें येणाऱ्याला आपली रेषा न बदलतां जाऊं द्यावें. एखादा आवाज नवा वाटला तर मुकाट्यानें बाहेर यावें. त्यांत लाज नाहीं. गाडी चालूं स्थितींत परत आणली तर पुढच्या महिन्यांतही शर्यत आहे.

ज्या हौसेला वहींतील नोंदी, खडूची भुकटी, प्लगचा रंग आणि तारेनें बांधलेला बोल्ट यांचा कंटाळा येत नाहीं, त्या हौसेला घरच्यांनीं अडवूं नये असें मला वाटतें. साठ वर्षांपूर्वीं म्हैसूरच्या कामगारांनीं जोडलेलें यंत्र आजचा मुलगा पुन्हां एक एक करून उलगडतो, समजून घेतो आणि जसेंच्या तसें परत जोडतो, तेव्हां तो इतिहासाचा अभ्यासच हातांनीं करीत असतो. फक्त त्याला एवढें सांगावें कीं, बाळ, क्रमांक कितवाही येवो. संध्याकाळीं गाडी टेंपोंतून उतरवून पडवींत लावशील, तेव्हां तिच्यावरचा एकही मूळ भाग हरवलेला नसावा, आणि तुझ्या अंगावर खरचटल्याची खूणही नसावी. एवढें झालें, तर तूं शर्यत जिंकलास असें आम्हीं समजूं.